ॲक्टिव्ह बेस गिटारची बॅटरी: किती टिकते, कशी तपासायची, कधी बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्केस्ट्रात, चर्चच्या बँडमध्ये, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये किंवा घरीच रेकॉर्डिंगसाठी ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस गिटार) वाजवणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. "दर सहा महिन्यांनी बॅटरी बदला" हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण त्यावर विसंबू नका. कुणाचा बेस महिन्याभरात बॅटरी संपवतो, तर कुणाचा दोन वर्षं त्याच बॅटरीवर चालतो. तुमचा बेस नेमका किती करंट खातो हे एकदा मोजून ठेवलंत, की पुढे सगळा साधा हिशेब उरतो. ते मोजायचं कसं, हे खाली सविस्तर दिलं आहे.

माझा बेस ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह, हे कसं ओळखायचं?

पाठीमागे बॅटरीचा छोटा खण असेल तर ॲक्टिव्ह. खण नसेल तरी खात्री धरू नका. जुन्या किंवा नंतर बदल करून घेतलेल्या बेसमध्ये बॅटरी वायरिंगच्या झाकणाखालीच, स्पंजमध्ये गुंडाळून ठेवलेली असते. दुसरी खूण नॉबची. बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) यांचे वेगळे नॉब असतील आणि ते फिरवताना मधोमध हलकीशी खाच लागत असेल, तर आत प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट, आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. काही बेसमध्ये पिकअप (तारांची कंपनं टिपून सिग्नल बनवणारे भाग) साधे आणि प्रीॲम्प ॲक्टिव्ह असतो. काहींमध्ये पिकअपच ॲक्टिव्ह असतात, उदाहरणार्थ ईएमजी कंपनीचे. बॅटरी संपल्यावर या दोन प्रकारांचं वागणं वेगळं असतं. ते पुढे येईलच.

बॅटरी लागतेच कशाला? पॅसिव्ह बेस तर तिच्याशिवाय वाजतो.

पॅसिव्ह बेसचा टोन नॉब फक्त कमी करू शकतो. ट्रेबल कापतो, वाढवू शकत नाही. शिवाय पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, आणि केबल लांब असली की वरचे सूर तिच्यातच विरतात. प्रीॲम्प हे दोन्ही प्रश्न सोडवतो: सूर वाढवायची सोय देतो आणि सिग्नल लांब केबल ओढू शकेल असा दणकट करून बाहेर पाठवतो. त्या कामाला वीज लागते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक कंपनीने हे तंत्र महागड्या, हातांनी घडवलेल्या बेसमध्ये आणलं. १९७६ साली लिओ फेंडर यांच्या म्युझिक मॅन कंपनीने स्टिंगरे हा बेस बाजारात आणला आणि ॲक्टिव्ह बेस सर्वसामान्य वादकाच्या हाती आला. बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या फेंडर जॅझ बेसमध्ये गिटार कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी बसवलेला प्रीॲम्प ऐकून तर कित्येकांनी आपापल्या पॅसिव्ह बेसला प्रीॲम्प लावून घेतले. त्या खणखणीत स्लॅपच्या (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याच्या) आवाजात नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचाही वाटा आहे.

बॅटरी चालू-बंद करायचं बटण कुठे असतं?

बटण नसतं. ते काम जॅक (केबल खोचायची जागा) करतो, आणि हे नीट समजून घ्या, कारण बॅटरीच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

बेसवरचा जॅक स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात तीन संपर्क असतात: टोकाचा, मधल्या कड्याचा आणि मागच्या दांड्याचा. बॅटरीची ऋण तार थेट ग्राउंडला न जोडता मधल्या कड्याला जोडलेली असते. आपली नेहमीची गिटार केबल मोनो असते, तिच्या पिनवर मधलं कडं नसतं, मागचा दांडाच लांब असतो. पिन आत गेली की तो दांडा दोन्ही संपर्कांना एकदम टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि प्रीॲम्प चालू होतो. पिन काढली की बंद.

म्हणजे ॲम्प बंद असला, व्हॉल्यूम शून्यावर असला, केबलचं दुसरं टोक हवेत लोंबकळत असलं, तरी बेसमध्ये पिन आहे तोवर बॅटरी खर्च होत राहते. वायरलेस वापरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं. पिनेसकट येणारा छोटा ट्रान्समीटर रात्रभर बेसला खोचून ठेवला, की त्याचीही बॅटरी जाते आणि बेसचीही.

तेव्हा वाजवून झालं की केबल काढायची ती बेसच्या बाजूने.

एका रात्रीत बॅटरी खरंच संपते का?

सहसा नाही. समजा, प्रीॲम्प २ मिलिॲम्पियर करंट खातो. दहा तासांत २० मिलिॲम्पियर-तास गेले. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे ५०० ते ६०० असतात. म्हणजे एका रात्रीने फार बिघडत नाही. तोच बेस आठवडाभर पिन लावून स्टँडवर उभा राहिला, तर १६८ तासांत ३३६ जातात आणि बॅटरी वाजवण्यालायक उरत नाही. म्हणून रात्रभर केबल राहिली तर घाबरून बॅटरी फेकू नका, मोजा.

मल्टिमीटरने कसं मोजायचं?

स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. उलट लागली तरी नुकसान नाही, आकड्याआधी वजाचं चिन्ह येईल इतकंच.

नवी अल्कलाइन बॅटरी ९.३ ते ९.६ व्होल्ट दाखवते. साडेआठच्या वर असेल तर निर्धास्त वाजवा. आठच्या आसपास आली की बॅगेत जोडीला नवी ठेवा. साडेसातच्या खाली कार्यक्रमाला नेऊ नका. घरच्या रियाजाला ती आणखी काही दिवस चालेल, कारण पुष्कळ प्रीॲम्प सात व्होल्टवरही गातात. पण जोरात वाजवल्यावर आवाज फाटायला लागेल.

मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. हे स्वस्त मीटर बहुधा स्वतःच नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि ती उतरली की आकडे जास्त दाखवू लागतात. अर्धमेली बॅटरी मग ठणठणीत दिसते. मीटरच्या पडद्यावर बॅटरीचं चिन्ह आलं असेल तर आधी त्याची बॅटरी बदला.

मीटर ९ व्होल्ट दाखवतो, तरी वाजवताना आवाज फाटतो. असं का?

कारण ते माप बॅटरी आराम करत असतानाचं आहे. बॅटरीला आतून स्वतःचा विरोध (रेझिस्टन्स) असतो आणि ती जुनी होत जाते तसा तो वाढतो. मीटर तिच्याकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही, म्हणून विश्रांतीत व्होल्टेज चांगलं दिसतं. काम पडलं की ते घसरतं. कार्बनच्या बॅटरीत हे जास्त होतं.

म्हणून खरं माप कामावर असताना घ्या. बॅटरीचा खण उघडा, बॅटरी क्लिपला जोडलेलीच राहू द्या, केबलची पिन बेसमध्ये घाला आणि त्या अवस्थेत मीटरच्या तारा टोकांना लावा. सुटी बॅटरी तपासायची असेल तर ४७० ओहमचा एक रेझिस्टर दोन टोकांमध्ये काही सेकंद धरून मोजा. त्यातून १९ मिलिॲम्पियरच्या आसपास करंट जातो, बेस मागेल त्याहून कितीतरी जास्त. चांगल्या अल्कलाइनचं व्होल्टेज जेमतेम हलतं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त घसरलं तर ती बॅटरी बाजूला काढा.

दर वेळी स्क्रू काढायचा कंटाळा येतो. खण न उघडता मोजता येतं का?

येतं, आणि ही युक्ती प्रत्येक ॲक्टिव्ह बेसवाल्याला यायलाच हवी. स्क्रू सारखे काढघाल केल्याने लाकडातले आटे सैल होतात, तेही टळतं.

दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली एक केबल घ्या. तिच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, मोनोवर एकच. एक टोक बेसमध्ये घाला. दुसरं टोक कुठेही न जोडता हातात धरा आणि त्याचं मधलं कडं व मागचा दांडा यांना मीटरच्या तारा लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर. आकडा दोन-चार सेकंद सरकत स्थिरावेल. तो खऱ्या व्होल्टेजपेक्षा थोडा कमी असतो, कारण मधे प्रीॲम्प आहे. साध्या मीटरवर तो आणखी कमी दिसेल. म्हणून नवी बॅटरी घातल्या दिवशी याच पद्धतीने आकडा घ्या आणि खणाच्या झाकणाला आतून चिकटपट्टीवर तारखेसह लिहून ठेवा. पुढची तुलना त्या आकड्याशी करायची.

आता याच जोडणीत मीटर मिलिॲम्पियरवर न्या. आधी २०० मिलिॲम्पियरची रेंज, मग २०. लाल तार मीटरच्या मिलिॲम्पियरच्या भोकात आहे ना, हे बघून घ्या. आता मीटरमधूनच सर्किट पूर्ण होतं, प्रीॲम्प चालू होतो आणि तो किती करंट खातो ते समोर दिसतं. पहिल्या क्षणी आकडा उसळेल, मग खाली येऊन थांबेल. थांबलेला आकडा लिहून घ्या. काम झालं की मीटर लगेच व्होल्टवर आणा. मिलिॲम्पियरवर राहिलेला मीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावला तर त्याचा फ्यूज जातो.

मोजक्या बेसमध्ये बॅटरीसाठी जॅकमध्ये वेगळा स्विच असतो. तिथे ही युक्ती लागू पडत नाही, आणि मीटर नुसता शून्य दाखवत राहील.

तो आकडा मिळाला. आता बॅटरी किती टिकेल?

बॅटरीची क्षमता भागिले करंट. ५५० मिलिॲम्पियर-तासांची अल्कलाइन आणि अर्धा मिलिॲम्पियर खाणारा प्रीॲम्प: कागदावर ११०० तास. २ मिलिॲम्पियर असेल तर २७५. ५ असेल तर ११०. पण हे बॅटरी पार रिकामी होईपर्यंतचे तास झाले, आणि आपल्याला ती साडेसात व्होल्टला बदलायची आहे. म्हणून मी यातले निम्मेच धरतो. २ मिलिॲम्पियरच्या बेसला सव्वाशे-दीडशे तास. रोज दोन तास रियाज करणाऱ्याला दोन-सव्वादोन महिने. आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्याला वर्षभर.

बेसाबेसात एवढा फरक कशामुळे, तर आतल्या चिपमुळे. टीएल०६२ नावाची कमी विजेवर चालणारी चिप सुमारे ०.४ मिलिॲम्पियरवर काम करते. तिचीच बहीण टीएल०७२ जवळपास ३ मिलिॲम्पियर घेते. ईएमजीसारखे ॲक्टिव्ह पिकअप मिलिॲम्पियरच्या दहाव्या भागाच्या आसपास खातात, म्हणून ते वर्ष-दोन वर्षं सहज चालतात. दुसऱ्याच्या अनुभवावरून आपली बॅटरी बदलू नका, असं म्हणतो ते यासाठी.

कानाने ओळखता येतं का?

येतं, पण कान उशिरा सांगतो. पहिली खूण स्लॅपमध्ये दिसते: अंगठ्याचा ठोका स्वच्छ न येता फुटका येतो, बोटांनी हळू वाजवलं तर सगळं ठीक. मग खालच्या बी आणि ई तारांवर खरखर. पुढे एकूण आवाज दबतो, प्रत्येक सूर सुरुवातीलाच गुदमरल्यासारखा होतो आणि शेवटी शांतता. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत कधी दोन दिवस जातात, कधी दोनच गाणी.

सततची घरघर मात्र बॅटरीमुळे येत नाही. ती बहुतेकदा ग्राउंडची किंवा मंडपातल्या वायरिंगची भानगड असते.

कुठली बॅटरी घ्यायची?

दुकानात "नऊ व्होल्टची द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी ६एफ२२ छापलेली कार्बन-झिंकची बॅटरी हातात पडते. खेळणी आणि मीटरसाठी ती ठीक आहे. तिची क्षमता अल्कलाइनपेक्षा कमी, आतला विरोध जास्त, आणि जुनी झाली की गळायची भीतीही जास्त. बेससाठी अल्कलाइन मागा. तिच्यावर ६एलआर६१ किंवा "अल्कलाइन" असं स्पष्ट छापलेलं असतं. किमतीत कित्येक पटींचा फरक आहे, पण एका कार्यक्रमाच्या मानधनापुढे तो काहीच नाही. घेताना पाकिटावरची तारीख बघा.

लिथियमची, एकदाच वापरायची बॅटरी सुमारे १२०० मिलिॲम्पियर-तास देते आणि वजनाला हलकी असते. मिळाली आणि परवडली तर उत्तम.

चार्ज होणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. निकेल मेटल हायड्राइडची साधारण ८.४ व्होल्टची असते आणि क्षमता २०० च्या आसपास. म्हणजे वर दिलेला साडेसातचा नियम तिला तसाच लावता येत नाही, आणि काही तर ७.२ व्होल्टच्याच असतात. नुसती पडून राहिली तरी ती उतरते. यूएसबीने चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. त्यामुळे ती शेवटपर्यंत नऊच्या जवळ राहते आणि मग एकदम बंद पडते, कसलीही सूचना न देता. मीटरवर तिचा अंदाज येतच नाही. काहींच्या सर्किटची बारीक शिट्टी आवाजात उतरते. घरी खुशाल वापरा. मंचावर मी अल्कलाइनच सुचवेन.

माझ्या बेसमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. मग आयुष्य दुप्पट?

नाही. त्या बहुतेक वेळा एकामागे एक जोडून १८ व्होल्ट केलेले असतात. करंट दोघींतून तोच जातो, म्हणून दोघी बरोबरच संपतात. फायदा मिळतो तो मोकळेपणाचा: जोरदार स्लॅपलाही आवाज फाटत नाही. सायर मार्कस मिलर व्ही७ आणि म्युझिक मॅनचा २०१८ चा स्टिंगरे स्पेशल ही १८ व्होल्टची ओळखीची उदाहरणं.

दोन्ही वेगवेगळ्या मोजा, पण बदलताना जोडीने आणि एकाच जातीच्या बदला. नवी-जुनी एकत्र घातली तर जुनी आधी रिकामी होते, नवी तिच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहते आणि जुनी गळते.

९ व्होल्टच्या बेसमध्ये स्वतःहून दुसरी बॅटरी जोडायची असेल, तर प्रीॲम्प बनवणाऱ्याने १८ व्होल्ट चालतील असं लिहिलं आहे का ते आधी बघा. टीएल०७२ ला ते सहज पेलतं, पण कमी व्होल्टेजच्या चिपा जळतात.

ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच पॅसिव्हवर ठेवला तर बॅटरी वाचते?

बहुतेक बेसमध्ये वाचत नाही. स्विच सिग्नलची वाट बदलतो, वीज जॅकवरूनच चालू राहते. वर सांगितल्याप्रमाणे करंट मोजताना स्विच इकडे-तिकडे करून बघा, तुमच्या बेसचं उत्तर मिळेल.

स्विचचा खरा उपयोग अडीअडचणीला होतो. ऐन गाण्यात बॅटरी गेली तर पॅसिव्हवर टाकून कार्यक्रम पार पडतो. स्टिंगरेमध्ये मात्र अशी वाट नाही, बॅटरी गेली की आवाज गेला. पिकअपच ॲक्टिव्ह असतील तर स्विच असूनही उपयोग होत नाही.

नवी बॅटरी घातली, तरी आवाज नाही. काय बघू?

आधी केबल. चुकून स्टिरिओ केबल लावली असेल तर मधलं कडं ग्राउंडला टेकत नाही आणि प्रीॲम्प चालूच होत नाही. मग क्लिप: तिची बटणं सैल झाली असतील तर पकडीने हलके दाबा, तार मुळाशी तुटली आहे का बघा. त्यानंतर जॅक. पिन थोडी हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर मधल्या संपर्काची पट्टी वाकली आहे. हा दोष अगदी बॅटरी संपल्यासारखाच भासतो आणि लोक बॅटऱ्या बदलत बसतात. जॅक स्वस्त असतो, सोल्डरिंग येणारा माणूस दहा मिनिटांत बदलून देईल. फक्त स्टिरिओ जॅकच घ्यायचा. मोनो बसवला तर बॅटरी चालूच होणार नाही, किंवा कायमची चालू राहील.

जिभेला लावून बघितलं तर?

नको. झिणझिण्या नऊ व्होल्टलाही येतात आणि सातलाही.

गणपतीत सलग कार्यक्रम आहेत. काय तयारी ठेवू?

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी, कामावर असताना, मोजा. साडेआठच्या खाली असेल तर बदला आणि काढलेली रियाजाला ठेवा. गणपती, मग नवरात्र, गोव्यात नाताळ, अशा हंगामांच्या तोंडावर हे एकदा केलं की मधल्या धावपळीत बघावं लागत नाही. बॅगेत एक नवी बॅटरी आणि खणाच्या स्क्रूला बसणारा पेचकस असू द्या. साउंडचेक आणि कार्यक्रम यांच्यात दोन तास असतील तर तेवढ्यापुरतीही पिन काढा. पिन घालताना-काढताना ॲम्प किंवा मिक्सरवरचं चॅनल म्यूट करायला सांगा. प्रीॲम्प चालू होतानाचा धपका स्पीकरला बरा नाही.

सुटी बॅटरी बॅगेत उघडी टाकू नका. तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. किल्ली, नाणं किंवा तारांचं भेंडोळं त्यांना टेकलं की ती तापते, आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा पाकिटातच राहू द्या.

पावसाळ्यात क्लिपवर हिरवट-पांढरं साचतं. बेस खराब होईल का?

कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ हे होतंच. हिरवट थर हवेतल्या ओलाव्यामुळे आणि खारामुळे धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. पांढरी पूड म्हणजे बॅटरी गळली आहे. अल्कलाइनची गळती क्षारयुक्त असते, ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या काडीने निघते. कार्बनची आम्लयुक्त असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. मग अल्कोहोलने पुन्हा पुसून पूर्ण कोरडं करा. हातमोजे घाला आणि पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका. क्लिप काळी पडली असेल तर सरळ बदला.

दोन-तीन महिने बेस वाजवला जाणार नसेल तर बॅटरी काढून ठेवा. परदेशी जाताना बेस घरी ठेवणाऱ्यांनी हे जरूर करावं. गळती खणातून वायरिंगपर्यंत पोहोचली तर प्रीॲम्प बदलावा लागतो, आणि जुन्या बेसचा मूळ प्रीॲम्प पुन्हा मिळणं कठीण असतं.

संपलेल्या बॅटऱ्या कुठे टाकायच्या?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून डब्यात साठवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारलाही हेच लागू आहे का?

हो. जॅक तसाच, नऊ व्होल्टची बॅटरीही बहुधा तीच. फक्त गिटारच्या प्रीॲम्पमध्ये पुष्कळदा ट्यूनर असतो आणि तो चालू असताना जास्त करंट खातो, तेव्हा मोजमाप ट्यूनर बंद आणि चालू असं दोनदा घ्या.